विलंबाचे ऋण कोणी फेडायचे?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मराठी समाजात इतकी रुळली आहे की, तिच्यातील कटुता आता कोणाला जाणवतही नाही. वस्तुतः हा शहाण्यांना केलेला उपदेश नाही; न्यायव्यवस्थेविषयी समाजाने दिलेला तो निकाल आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो मुकाट्याने गिळावा, कारण दाद मागण्याचे क्लेश मूळ अन्यायाहूनही मोठे असतात, असा त्याचा अर्थ. ज्या भूमीत रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आजही निःस्पृह न्यायाचा पर्याय म्हणून घेतले जाते, त्या भूमीत ही म्हण खरी ठरत राहावी, हे भूषणावह नाही.

खटला हरणे म्हणजे अन्याय होणे, असे नेहमीच म्हणता येत नाही. पण खटला न संपणे हा जिंकणाऱ्यावर आणि हरणाऱ्यावर सारखाच अन्याय असतो. म्हणून प्रश्न असा आहे की, न्यायालयीन विलंब हा स्वतंत्रपणे मानवाधिकाराचा भंग मानायचा की नाही? आणि मानायचा, तर त्याची भरपाई कोणी करायची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नवी मुंबईच्या एकाच भूभागात या विलंबाची दोन रूपे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. एक शेताचे आहे, दुसरे तुरुंगाचे.

शेताचा विलंब

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर एक नवे शहर रेखाटले गेले. भातशेती, मिठागरे आणि खाडी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाने या शहरासाठी आपली जमीन दिली. खरे तर ती घेतली गेली. १८९४ च्या ब्रिटिश कायद्याने सरकारला दिलेल्या अधिकारात नोटीस निघाली, निवाडा जाहीर झाला, ताबा गेला. निवाड्यातील रक्कम मान्य नसेल तर त्याच कायद्याच्या कलम १८ अन्वये प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करायची, ही शेतकऱ्यासाठी उरलेली एकमेव वाट.

त्या वाटेवर किती टप्पे होते ते पाहावे. प्रथम जिल्हा न्यायालय. रायगडच्या शेतकऱ्यासाठी ते अलिबागला. तेथे मोबदला वाढवून मिळाला, तर सरकारचे उच्च न्यायालयात अपील. तेथून सर्वोच्च न्यायालय. सर्वत्र निकाल बाजूने लागला, तरी पैसे हाती पडत नाहीत म्हणून वसुलीसाठी पुन्हा दरखास्त. वाढीव मोबदल्याच्या थकबाकीपायी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खुर्च्यांवर आणि गाड्यांवर जप्तीचे हुकूम निघाल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. ज्याच्या नावे सातबारा होता त्याने दावा करायचा आणि त्याच्या वारसांनी निकाल ऐकायचा, हा जणू भूसंपादनाचा शिरस्ताच होऊन गेला.

न्यायालयाच्या या वाटेवर विसंबून राहता येत नाही, हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत दि. बा. पाटील अग्रणी होते. ते स्वतः वकील होते, तरीही त्यांना शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरवावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराला पाच जण बळी पडले. त्या बलिदानातूनच पुढे विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे धोरण आकाराला आले. त्याचे शासननिर्णय १९९० आणि १९९४ मधले. म्हणजे धोरण कागदावर येईपर्यंत जमीन जाऊन दोन दशके उलटली होती. दि. बा. पाटील यांचा पक्ष आणि त्यांची विचारसरणी वेगळी होती. परंतु भूमिपुत्रांसाठी त्यांनी वेचलेल्या आयुष्याचे मोल मान्य करण्यात मतभेदाचे कारण नाही.

या भूसंपादनाच्या कायद्यात मात्र एक गोष्ट अशी आहे की, ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९८४ च्या दुरुस्तीनंतर न्यायालयाने वाढवून दिलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षासाठी ९ टक्के आणि त्यापुढील काळासाठी १५ टक्के व्याज देण्याची तरतूद झाली. २०१३ च्या नव्या कायद्यानेही हेच दर कायम ठेवले. एखाद्या शेतकऱ्याला एक लाख रुपये वाढीव मंजूर झाले आणि ताबा जाऊन वीस वर्षे झाली असतील, तर पहिल्या वर्षाचे ९ हजार आणि उरलेल्या एकोणीस वर्षांचे २ लाख ८५ हजार, असे २ लाख ९४ हजार रुपये नुसते व्याजच होते. ते मुद्दलाच्या जवळजवळ तिप्पट भरते.

याचा अर्थ काय? भारतीय कायद्याला विलंबाची किंमत कळत नाही, असे मुळीच नाही. ती त्याला कळते, मोजता येते आणि सरकारकडून वसूलही करता येते. फक्त ती किंमत पैशाच्या विलंबाची आहे. रक्कम थांबली तर तिला व्याज आहे. माणूस थांबला तर त्याला काही नाही. वीस वर्षे अलिबागच्या वाऱ्या करणाऱ्याचा वेळ, मोडलेली मजुरी, लांबलेली लग्ने आणि निकालाची वाट पाहत मिटलेले डोळे यांना त्या हिशेबात रकाना नाही.

तुरुंगाचा विलंब

त्याच नवी मुंबईत, पनवेल तालुक्यात, तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. २३ ऑगस्ट २०१७ रोजी या कारागृहाच्या दरवाजातून लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित बाहेर पडले. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांना अटक झाली होती. जवळजवळ नऊ वर्षे ते कैदी होते, आणि या संपूर्ण काळात त्यांच्यावर आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती.

मालेगाव येथे २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जणांचा बळी गेला आणि शंभराच्या आसपास लोक जखमी झाले. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटक झाली. त्यांना जामीन मिळण्यास एप्रिल २०१७ उजाडला. दरम्यान खटला कशात अडकला होता? आरोपींना मोक्का लागू होतो की नाही, या एका प्रश्नात. २००९ मध्ये विशेष न्यायालयाने तो रद्द ठरवला, २०१० मध्ये उच्च न्यायालयाने पुन्हा लागू केला, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधाराविषयी शंका व्यक्त केली, २०१६ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो वगळण्याची भूमिका घेतली आणि डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने तो पुन्हा एकदा रद्द केला. साडेआठ वर्षांनी कायदेशीर वाद फिरून जेथून निघाला तेथेच आला. आरोपनिश्चिती ३० ऑक्टोबर २०१८ रोजी झाली. ३२३ साक्षीदार तपासले गेले. आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने साध्वी प्रज्ञासिंह व पुरोहित यांच्यासह सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

या सतरा वर्षांत न्यायालयाबाहेरचा निकाल मात्र कधीच लागून गेला होता. २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पोलीसप्रमुखांच्या परिषदेत 'भगवा दहशतवाद' हा शब्द उच्चारला, तेव्हा आरोपनिश्चितीस आठ वर्षे अवकाश होता. न्यायदानास जितका उशीर, तितका अपप्रचारास वाव मोठा, हा विलंबाचा फारसा न बोलला जाणारा परिणाम आहे. निकाल वेळेत लागला असता, तर एका संपूर्ण समाजाच्या माथी शब्दांचा हा कलंक लावण्याचे धाडस कोणी केले नसते.

पुरोहित यांना निकालानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, कर्नलपदी बढती मिळाली. त्यांच्या बरोबरीचे अधिकारी तोपर्यंत कोठल्या कोठे पोहोचले होते. ती वर्षे त्यांना कोणते न्यायालय परत करणार?

येथेच दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्फोटात ज्यांची माणसे गेली, त्यांनीही सतरा वर्षे वाट पाहिली. न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्यास सांगितले; पण खरा गुन्हेगार कोण, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला. त्यांच्यातील काहींनी उच्च न्यायालयात अपील केले आहे, म्हणजे वाट अद्याप संपलेली नाही. २००६ च्या मालेगाव स्फोटांच्या प्रकरणात पकडलेले नऊ मुस्लीम तरुण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले, त्यांचीही वर्षे कोणी परत केली नाहीत. या काळात राज्यात आणि केंद्रात सरकारे बदलली. तारखांचा वेग बदलला नाही. विलंब आरोपीचा धर्म पाहत नाही, पक्ष पाहत नाही. म्हणून त्यावरील उपायही तो पाहून चालणार नाही. मानवाधिकाराच्या नावाने निवडक अश्रू ढाळणाऱ्यांवर टीका करणाऱ्यांनी स्वतःचा तराजू तरी सरळ धरला पाहिजे.

युरोपातील तडजोडीची वाट

विलंब ही स्वतंत्र हानी आहे, हे तत्त्व युरोपने फार पूर्वी मान्य केले. १९५० च्या युरोपीय मानवाधिकार कराराच्या सहाव्या कलमाने प्रत्येकाला 'वाजवी मुदतीत' सुनावणीचा हक्क दिला. आपल्या देशातील खटला रखडला, तर नागरिक फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील मानवाधिकार न्यायालयाकडे स्वतःच्या सरकारविरुद्ध तक्रार करू शकतो. तेथे मूळ खटल्यात कोणाची बाजू खरी, हे पाहिले जात नाही. खटल्याची गुंतागुंत, पक्षकाराचे वर्तन, न्यायालयाची व सरकारी यंत्रणेची चालढकल आणि प्रकरणात काय पणाला लागले होते, एवढेच तपासले जाते. मूळ खटला हरलेल्यालाही विलंबाची भरपाई मिळू शकते.

अशा अनेक तक्रारी शेवटपर्यंत लढवल्या जात नाहीत, हे विशेष. करारातच सामोपचाराने तडजोडीची सोय आहे. सरकार ठरावीक रक्कम देऊ करते, अर्जदार ती स्वीकारून पुढील दावा सोडतो, न्यायालय ती न्याय्य आहे याची खात्री करून घेते आणि प्रकरण निकाली काढते. विलंबाची तक्रारच पुन्हा वर्षानुवर्षे रेंगाळू नये, हा त्यामागचा व्यवहारी विचार.

पुढे या देशांना आपल्या घरातच उपाय करणे भाग पडले. स्ट्रासबर्गला इटलीविरुद्धच्या तक्रारींचा इतका पूर लोटला की, २००१ मध्ये इटलीने 'पिंटो कायदा' या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. २०१२ च्या दुरुस्तीने वाजवी मुदत स्पष्ट झाली: पहिल्या न्यायालयात तीन वर्षे, अपिलात दोन, सर्वोच्च पातळीवर एक. पोलंडविरुद्ध २००० मध्ये निकाल लागल्यावर त्या देशाने २००४ मध्ये कायदा केला. तेथे खटला चालू असतानाच वरच्या न्यायालयाकडे विलंबाची तक्रार करता येते. जर्मनीने २०११ मध्ये वर्षाला १,२०० युरो असा दरच ठरवून टाकला, पण त्याआधी पक्षकाराने संबंधित न्यायालयाला विलंबाबद्दल सावध केलेले असले पाहिजे, अशी अट घातली.

यातील धडा केवळ अनुकरणाचा नाही, सावधगिरीचाही आहे. इटलीने भरपाई मंजूर केली, पण पैसे देण्यासच उशीर लावला. त्या उशिराविरुद्ध लोक पुन्हा स्ट्रासबर्गला गेले. न्यायाधीश न वाढवता केवळ भरपाईचा कायदा केला, तर रखडलेल्या खटल्यांच्या ढिगावर आणखी एक ढीग रचला जातो.

भारतात दार कोणते?

भारतीय नागरिकाला अशी तक्रार करावयाची झाली, तर त्याने जायचे कोठे? मानवाधिकार संरक्षण कायदा १९९३ मध्ये झाला. राष्ट्रीय आयोग आला, महाराष्ट्रातही राज्य आयोग आला. परंतु त्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर आयोगाला चौकशी करता येत नाही, आणि राष्ट्रीय आयोगाच्या कार्यपद्धतीच्या नियमांनुसार न्यायप्रविष्ट प्रकरणे विचारात घेतली जात नाहीत. म्हणजे विलंबाची तक्रार घेऊन गेले, तर खटला चालू आहे म्हणून दार बंद. आणि खटला संपल्यावर जावे, तर वर्षानुवर्षांचा तो विलंब मुदतीच्या पलीकडे गेलेला!

न्यायालयांनी तत्त्व सांगण्यात कसूर केलेली नाही. १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची दैना समोर आली, तेव्हा त्वरित सुनावणी हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. निर्दोष ठरल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात खितपत पडलेल्या रुदुल साह यांना १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने ३५ हजार रुपये भरपाई दिली. रायगडचेच नेते बॅरिस्टर अंतुले यांच्या प्रकरणात १९९१ मध्ये या हक्काची सविस्तर चर्चा झाली. पण खटल्याला कमाल कालमर्यादा घालणे व्यवहार्य नाही, असेही न्यायालय म्हणाले, आणि २००२ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने तीच भूमिका कायम केली. हक्क आहे, मर्यादा नाही. आणि भंगाची ठरावीक भरपाईही नाही. भरपाई मिळालीच तर ती एखाद्या पीठाच्या करुणेने मिळते, कायद्याच्या हिशेबाने नव्हे. चुकीच्या फौजदारी कारवाईला बळी पडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करावा, असे विधी आयोगाने २०१८ च्या आपल्या २७७ व्या अहवालात सुचवले. तो कायदा अद्याप झालेला नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तहकुब्यांवर आणि निकाल देण्याच्या काळावर मर्यादा घातल्या, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण दिवाणी दाव्यांत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हा नियम २००२ पासून लागू आहे. त्याचे काय झाले, हे कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या आवारात उभे राहिले तरी कळते. मर्यादा ओलांडल्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नसेल, तर ती मर्यादा केवळ सदिच्छा ठरते.

कौटिल्याचा दंडक

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना घ्यावा लागतो, असे कोणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'कंटकशोधन' या अधिकरणात न्यायाधीशाच्या दोषांची यादी आहे. त्यात कालहरण करून पक्षकाराला थकवून घालवून देणाऱ्या न्यायाधीशाला उत्तम साहस, म्हणजे सर्वांत मोठ्या श्रेणीचा दंड सांगितला आहे. पुन्हा तोच अपराध केल्यास दुप्पट दंड आणि पदावरून दूर करण्याची शिक्षा. पक्षकाराचा थकवा ही राज्याने दखल घेण्याजोगी हानी आहे, हे या भूमीला स्ट्रासबर्गच्या कितीतरी शतके आधी ठाऊक होते. विस्मरण झाले ते पारतंत्र्यात. स्वातंत्र्यानंतर स्मरण झाले नाही, हा दोष मात्र स्वकीयांचा.

अर्थात, आजच्या न्यायाधीशाला व्यक्तिशः दंड करणे अन्यायाचे होईल. एकेका न्यायाधीशापुढे दररोज प्रकरणांचा डोंगर असतो. दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितले. आजही ती संख्या त्याहून बरीच कमी आहे आणि देशातील प्रलंबित प्रकरणे पाच कोटींवर गेली आहेत. दोष न्यायासनाचा कमी आणि त्याला पुरेशी साधने न देणाऱ्या शासनाचा अधिक आहे. म्हणून ऋणही शासनानेच फेडले पाहिजे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, हा बोजा अखेर करदात्यावरच पडणार. तो आजही पडतोच आहे. भूसंपादनातील १५ टक्के व्याज सरकारी तिजोरीतूनच जाते. प्रत्येक अपिलामागे व्याज चढत जाते. तरीही अपील करण्यापूर्वी ते मांडून पाहण्याची सवय शासनाला लागलेली नाही. विलंबाची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दिसू लागली, तर न्यायालये उभारणे आणि रिक्त पदे भरणे स्वस्त पडते, हे अर्थखात्याला आपोआप उमगेल. दुसरा आक्षेप, पक्षकार मुद्दाम खटला लांबवतील. त्यावर युरोपचाच उपाय आहे: अर्जदाराने स्वतः लावलेला विलंब मुदतीतून वजा करावा.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक प्रकारच्या खटल्याची वाजवी मुदत कायद्याने ठरावी. ती ओलांडली जात असेल, तर खटला चालू असतानाच उच्च न्यायालयाकडे साधा अर्ज करता यावा. त्यानंतरही विलंब झाला, तर शासनाने ठरावीक दराने भरपाई देऊ करावी आणि शक्य तेथे तडजोडीने प्रकरण मिटवावे. तुरुंगात गेलेल्या दिवसाचा दर बाहेरच्या दिवसाहून वेगळा आणि अधिक असावा. आणि रक्कम ठरावीक महिन्यांत दिली नाही, तर तिच्यावरही भूसंपादनासारखेच व्याज चढावे.

कायदे दिल्लीत होतात, पण त्यांची मागणी वस्तीवस्तीतून उठावी लागते. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा 'ग्राहकाला हक्क असतात' हे वाक्य अनेकांना चमत्कारिक वाटले होते. बारा वर्षांनी, १९८६ मध्ये, देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. पक्षकारही न्यायव्यवस्थेचा ग्राहकच आहे. किंबहुना तो असा ग्राहक आहे की, ज्याला दुसऱ्या दुकानात जाता येत नाही. १९९२ मध्ये दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या अधिवक्ता परिषदेचे वकील आज जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. प्रत्येक तालुक्यातील दहा वर्षांहून जुन्या खटल्यांची नोंद करणे, कच्च्या कैद्यांपैकी कोण कायद्याने जामिनास पात्र ठरला आहे हे शोधणे, प्रकल्पग्रस्तांच्या थकलेल्या दरखास्तींचा पाठपुरावा करणे, हे काम करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अशा नोंदींतूनच उद्याच्या कायद्याचा पुरावा उभा राहील.

उरणच्या शेतकऱ्याला त्याच्या थकलेल्या रुपयावर व्याज मिळते, कारण कोणे एके काळी कायदेमंडळाने तो रुपया मोजला. तळोजाच्या कैद्याच्या वर्षांना काहीच मिळत नाही, कारण ती अजून कोणी मोजलेली नाहीत. ती मोजायला लावणे हे समाजाचे काम आहे.